दाणा दिसेपर्यंत

कोंडीराम तांबेनं फोटोत स्वतःवर बोट ठेवलं आणि खूश होऊन म्हणाला, "हा बघ मी. काय रुबाब होता तेव्हा!" बोट त्याच्या वहिनीवर होतं. रामदास गमरे काही बोलला नाही. आयुष्यभर एका वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये काढलेल्या माणसाला गप्प बसायची सवय असते. तिथे मंत्र्यांच्या नाकावरचे तीळ मोजता येतील इतके शार्प करून द्यायचे असतात, मत द्यायचं नसतं. पण कोंडीराम थांबेना. तो विहार समितीचा अध्यक्ष. वरळीची बीडीडी चाळ रिकामी झाली, माणसं भाड्याच्या खोल्यांत मिळेल तिकडे पांगली, आणि आता नव्या इमारतीत विहाराला जागा मिळणार म्हणून तिथे लावायला समितीला तो जुना फोटो मोठा करून हवा होता. गिरणी संपानंतरच्या एका बुद्धपौर्णिमेला मैदानात अख्खी चाळ उभी करून रामदासनंच काढलेला. पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट समितीकडे होती, पण तिच्यात माणसं मोहरीएवढी. "ती तुझी वहिनी आहे," रामदास शेवटी म्हणाला. "वहिनीला मिशी कुठे होती रे?" "ती मिशी नाही. तिथे काहीच नाही. फोटो आउट आहे, फोकस गेलाय." कोंडीरामनं फोटो लांब धरला, जवळ धरला, मग उलटा करून मागची बाजूही पाहिली, समितीवर राहून माणूस असा कसून तपास करायला शिकतो. "मग एक काम कर, निगेटिव्ह माझ्याकडे दे. आमची नात अनुजा मोबाइलवर साफ करते. ॲप आहे एक. नाक नसलं तरी नाक लावून देतं." "कुणाचं?" "ते ॲप ठरवतं." रामदास म्हणाला, निगेटिव्ह माझ्या हातून जाणार नाही, आणि मोठी प्रिंट मीच देणार. कोंडीराम जिना उतरताना जय भीम म्हणाला तेसुद्धा जरा काळजीच्या सुरात, आजाऱ्याला बघून निघावं तसं.

दार लावून रामदास तिथेच उभा राहिला. फोटो आउट आलाय हे त्याला माहीत होतं. हा तिसरा होता. पहिले दोन त्यानं फाडून ओल्या कचऱ्यात टाकले होते, म्हणजे सुक्यात बायकोच्या, मायाच्या, नजरेला पडू नयेत. पण आपल्याला जेवढं आउट वाटतंय तेवढंच ते दुसऱ्याला दिसतं की कमी की जास्त, हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि म्हणूनच त्यानं कोंडीरामला बोलावलं होतं. एखाद्यानं ताप आलाय का हे बघायला दुसऱ्याचा हात स्वतःच्या कपाळावर ठेवून घ्यावा तसं. आता ताप नक्की झाला होता. कशाचा, एवढंच उरलं होतं. आणि त्या 'कशाचा'ला रामदास इतका भ्यायला होता, की पुढचे कित्येक दिवस त्यानं जगातल्या सगळ्या वस्तूंची चौकशी केली, फक्त एक सोडून. आपल्याकडे मोठ्या चौकशा साधारण अशाच होतात. ज्याच्यावर संशय असतो तो समितीत बसलेला असतो.

लालबागच्या ह्या भाड्याच्या खोलीत डार्करूम म्हणजे न्हाणीघर. खिडकीच्या काचांना काळा कागद, दाराच्या फटीला मायाची जुनी साडी, वर लाल दिवा, खाली फरशीवर डेव्हलपर आणि फिक्सर ह्या रसायनांचे ट्रे, आणि वॉशिंग मशीनवर फळी टाकून त्यावर एन्लार्जर, निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचं यंत्र. चाळीत त्याची डार्करूम पोटमाळ्यावर होती. तिथे उभं राहता यायचं नाही, पण ती आपली होती. इथे आल्यापासून ती बादल्यांमध्ये वसलेली. तेव्हा पहिला संशय वॉशिंग मशीनवर गेला आणि लगेच उठला, कारण ते चालू असताना रामदास काम करायचा नाही आणि तो काम करताना माया ते चालू करायची नाही, ह्या तहावर त्यांचा संसार सध्या टिकून होता. दुसरा संशय तळमजल्यावरच्या मिरची कांडपाच्या गिरणीवर. ती सुरू झाली की अख्खी इमारत खालून वर बारीक थरथरायची, मांडणीवरच्या वाट्या एकमेकींशी कुजबुजायच्या आणि जिन्यात प्रत्येक जण शिंकत भेटायचा. प्रिंट होत असताना एन्लार्जर केसभर हलला तरी फोटो हलतो. रामदासला ह्या गिरणीबद्दल एकदम माया वाटू लागली. त्यानं फळीवर पाण्याचा भरलेला पेला ठेवला आणि लाल उजेडात त्या पाण्याकडे टक लावून बसला. पाण्यावर वर्तुळं उठत होती. त्याला इतका आनंद झाला की त्यानं दार उघडून मायाला सांगितलं, "गिरणीच आहे! बघ, गिरणीच!" माया भाजी निवडत होती. "गिरणीच आहे," ती म्हणाली. "घर भाड्यानं घेतलं तेव्हापासून आहे. तुम्हाला आज दिसली?" दुपारी कांडपाची बाई जेवायला बसते तेव्हा गिरणी बंद असते. त्या वेळात रामदासनं पुन्हा प्रिंट काढली. पेल्यातलं पाणी आरशासारखं शांत होतं. डेव्हलपरमध्ये कागदावर हळूहळू मैदान आलं, मागची चाळ आली, पताका आल्या, माणसं आली. आणि सगळी जणू घोंगड्याआडून बघत होती.

त्या ट्रेवर वाकलेला असतानाच त्याला तांदूळ आठवले. ते आठवू नयेत म्हणून तर तो पेल्यांत पाणी बघत बसला होता. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं; खोलीत तो, माया, आणि आई, राधाबाई. तांदूळ निवडायचं काम आईचं. दारात पाय पसरून बसायची, सूप मांडीवर, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला झोप यावी. एके दिवशी मायाच्या दाताखाली खडा आला. नवी सून, तिनं गिळला. दुसऱ्या दिवशी रामदासच्या दाताखाली आला, आणि तो मुलगा असल्यामुळे ओरडला. आई म्हणाली, "मेलो तांदूळच खराब इलोहा." मग म्हणाली, रेशनवाला मुद्दाम मिसळतो. मग म्हणाली, ह्या बल्बाला उजेड आहे का, बदल तो. रामदासनं बल्ब बदलला. मोठा लावला. खोलीत इतका उजेड झाला की शेजारचे विचारायला आले काही कार्य आहे का. खडे येतच राहिले. मग रेशनवाला बदलला, मग सूप बदललं, आणि ह्या सगळ्यात आई कधीमधी रामदासशी बोलताना त्याच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघून बोलायला लागली होती, आणि त्याला वाटायचं, ही माझ्यावर रागावलीय. शेवटी परळच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं, की पडदा मधोमध गेलेला आहे, आधी एका डोळ्याचा आणि मग दुसऱ्याचा, आता करण्यासारखं काही नाही, आधी यायचं होतं. कडेचं दिसत राहील. समोरचं नाही. आणि रामदासकडे वळून, फाइल बंद करता करता म्हणाला, हे घराण्यात असू शकतं, तुम्हीही डोळे दाखवत जा. रामदासनं मान हलवली. त्यानंतर तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधीही गेला नाही. चाळिशी आली तेव्हा त्यानं दादरला स्टेशनबाहेर फुटपाथवर मांडलेल्या चष्म्यांतून एक एक नाकावर ठेवून, हातातल्या तिकिटावरचं बारीक वाचता येईल तो घेतला. नंतर तिथूनच नंबर वाढवत गेला. फुटपाथवरचा चष्मेवाला डोळ्यांत बॅटरी मारत नाही, आणि घराण्याचं विचारत नाही.

चौकशी पुढे चालू राहिली. एन्लार्जरच्या दिव्यानं निगेटिव्ह तापतं आणि तापलं की मध्ये फुगतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. शार्प केलेलं चित्र डोळ्यांदेखत सुटत जातं. त्यानं निगेटिव्ह दोन काचांमध्ये दाबून बसवलं, वरून लाडानं फुंकर मारून धूळ उडवली. आउट. लेन्स काढून खिडकीशी धरली. मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी लागते, पापडांना लागते तशीच. लेन्सच्या कडेला एक बारीक पांढरा धागा दिसला आणि रामदासला देवदूत भेटल्यासारखं झालं. त्यानं कोंडीरामला फोन केला. "सापडलं. बुरशी." "कुणाला?" कोंडीराम घाबरून म्हणाला. दुसरी लेन्स ट्रंकेत होती, कापडात गुंडाळलेली, कोरी. ती लावली. आउट. मग त्यानं शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याची पाणसळ मागून आणून एन्लार्जरचं डोकं सरळ आहे का पाहिलं. डोकं सरळ होतं. गवंड्यानं विचारलं, काका, न्हाणीघर वाकडं आहे का? रामदास हो म्हणाला.

आता खरं म्हणजे ह्या सगळ्या धावपळीची गरज नव्हती, आणि हे रामदासइतकं कुणालाच माहीत नव्हतं. फोटो आउट आला की पहिली गोष्ट बघायची ती ग्रेन. फिल्मवर चांदीचे दाणे असतात. प्रिंटमध्ये माणूस आउट पण दाणे सुटे, तर चूक फोटो काढणाऱ्याची. दाणेच लापशी झालेले, तर चूक प्रिंट करणाऱ्याची. दाण्याला खोटं बोलता येत नाही. ह्या प्रिंटांत दाण्याची लापशीच होती, सगळीकडे सारखी. म्हणजे फोकस चुकतोय. आणि फोकस करायला त्याच्याकडे ते इवलंसं यंत्र होतं, आरसा आणि भिंग. कागदाच्या जागी ठेवायचं, वाकून एक डोळा मिटायचा, दुसरा भिंगाला लावायचा, आणि एन्लार्जरची चक्री मागेपुढे फिरवत राहायचं, रव्यासारखा दाणा दिसेपर्यंत. वर्तमानपत्रात असताना हे तो इतक्या वेगानं करायचा की नवीन पोरं बघायला जमायची. आता वाकला की भिंगात राखाडी पाणी हलताना दिसायचं. चक्री पुढे, चक्री मागे. राखाडी पाणी. मधोमध जरा जास्तच राखाडी, जणू भिंगावर कुणीतरी अंगठा ठेवलाय. त्यानं भिंग शर्टानं पुसलं, धोतराच्या कापडानं पुसलं, साबणानं धुतलं. मग अंदाजानं चक्रीला मध्यावर थांबवायचा आणि मनात म्हणायचा, झालं. झालेलं नाही हे हाताला कळायचं. लगेच तो दिवा बंद करून कागद लावायचा, कारण अंधारात सगळेच सारखे असतात आणि त्या तेवढ्या वेळात त्याला बरं वाटायचं.

उजवा डोळा. तो नेहमी उजवाच लावायचा. कॅमेऱ्याला उजवा, भिंगाला उजवा. डावा हा त्याच्या लेखी घरातला न कमावणारा भाऊ, रस्ता ओलांडायला आणि जेवताना ताट बघायला ठीक. एवढं आयुष्य त्यानं सगळं जग उजव्यानं मापलं होतं, आणि दोन्ही उघडे असताना कुणाचं काम कोण करतोय हे माणसाला कुठे कळतं? डावा लावून बघायचा, बस. इतकी सोपी तपासणी. डाव्याला दाणा दिसला तर उजवा गेला. आणि डाव्यालाही नाही दिसला तर. तो वाकायचा, उजवा मिटायला घ्यायचा, आणि मान आपोआप ताठ व्हायची. मग आठवायचं की फिक्सर शिळं झालंय, ते आधी बदलायला हवं. रस्त्यात चालताना तो कधी एकही डोळा मिटेना. ऊन आलं तरी दोन्ही सताड. चेहऱ्यावर साबण लावताना दोन्ही एकदम मिटायचा आणि एकदम उघडायचा. एकदा बाजारात धूळ उडाली, डावा चटकन मिटला, आणि समोरून येणाऱ्या बाईला क्षणभर डोकंच नव्हतं, फक्त पिशवी आणि साडी. तो नारळवाल्याच्या गाडीला धरून उभा राहिला. नारळवाला म्हणाला, "काका, घ्यायचाय की टेकायचंय?" त्यानं नारळ घेतला. घरी आल्यावर मायानं विचारलं नारळ कशाला, तर म्हणाला, स्वस्त होता.

"दार उघडा," माया बाहेरून म्हणाली. दुपार होती, खाली गिरणी नुकतीच थांबली होती. "चादरी भिजवून ठेवल्यात कधीच्या. माणसाच्या घरात न्हाणीघर हे न्हायला असतं."

"थांब, कागद बाहेर आहे."

"रोज बाहेर असतो. कोंडीरामभावजींचा फोन आला होता. विचारत होते, बुरशी बरी झाली का म्हणून."

रामदासनं कागदाचं पाकीट झाकलं, दार किलकिलं केलं, माया साडीचा बोळा पायानं सारत आत आली आणि दार लागलं. इतक्या वर्षांत ती डार्करूममध्ये कधी आली नव्हती. त्यानंच येऊ दिलं नव्हतं, आणि तिलाही त्या वासात काही ठेवलेलं दिसलं नव्हतं. लाल उजेडात ती अनोळखी दिसत होती, तरुण नाही की म्हातारी नाही. तिनं फळीवरचा पेला पाहिला, पाणसळ पाहिली, भिंग पुसून चुरगळलेलं शर्टाचं टोक पाहिलं. "तांदूळच खराब आलेत म्हणायचे," ती म्हणाली.

रामदासच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. चेष्टा केल्यासारखं तोंड नव्हतं तिचं. त्यानं एन्लार्जरचा दिवा लावला. फळीवर अख्खी चाळ उलट्या रंगात पसरली, काळी तोंडं, पांढरे केस. "ह्या भिंगातून बघ," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. "ही चक्री फिरव. रव्यासारखं काही सुटं दिसलं की थांब." माया वाकली. "कुठला डोळा लावायचा?" तिनं विचारलं. एवढा साधा प्रश्न, आणि तो रामदासला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "उजवा," तो म्हणाला. "उजव्याचं माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यात चमकतं. डावा लावते," असं म्हणून तिनं डोकं इकडून तिकडे वळवलं, इतक्या सहज, जणू माणसाला दोन डोळे असतातच. चक्री पुढे गेली, मागे आली, थोडी पुढे गेली. "दिसला. मुंग्या आहेत नुसत्या." "थांब तिथे. हात काढ." ती बाजूला झाली. रामदास वाकला, डावा मिटला, उजवा लावला. राखाडी पाणी. मधोमध अंगठा. तो तसाच वाकून राहिला. खाली कुणीतरी मिरच्यांचं पोतं ओढत होतं. मग त्यानं उजवा मिटला. मान ताठ व्हायला लागली. त्यानं ती एका हातानं धरून खाली दाबली, दुसऱ्याची मान दाबावी तशी, आणि डावा डोळा भिंगाला टेकवला. दाणे. सुटे, कोरडे, टोकदार दाणे, आयुष्यभर पाहिलेले. डावा होता. उजवा नव्हता.

त्यानं कागद लावला, प्रकाश दिला, कागद डेव्हलपरमध्ये सोडला. हात आपले आपण करत होते. माया बादलीच्या कडेवर बसून बघत होती. कागदावर आधी पताकांच्या दोऱ्या आल्या, सुईसारख्या; मग चाळीचे कठडे, कठड्यावरच्या गोधड्या, मग माणसं एकेक करून येऊन उभी राहिली, बटणांसकट. "अगंबाई, लक्ष्मी मावशी," माया म्हणाली. "ते कोंडीरामभावजी. मिशी आहेच की." रामदास आईला शोधत होता. ती दुसऱ्या रांगेत होती, कडेला, हात पदरात. सगळी चाळ कॅमेऱ्याकडे बघत होती. त्यानंच ओरडून सांगितलं होतं, इकडे, माझ्याकडे बघा. राधाबाई बघत नव्हती. तिचं तोंड थोडं वळलेलं होतं, त्याच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे, जिथे मैदानात त्या दिवशी कुणीही नव्हतं. आणि ती हसत होती, मुलगा दिसल्यावर हसतात तशी. रामदासला आधी कळेना. मग कळलं. कडेचं दिसत राहील, समोरचं नाही. त्याला बघायचं म्हणून ती बाजूला बघत होती. हे तांदळाच्या कितीतरी आधीचं होतं, लग्नाच्याही आधीचं. तेव्हाच जायला लागलं होतं तिचं, आणि ती एकटीच ते घेऊन त्या गर्दीत येऊन उभी राहिली होती, हात पदरात घालून.

फोटो त्यानं धुऊन फिक्सरमध्ये टाकला. "माया," तो म्हणाला, "उजव्यानं मला दिसत नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"काहीच नाही?"

त्यानं डावा डोळा हातानं झाकला. बोटांना फिक्सरचा आंबूस वास. लाल अंधारात समोर बादली होती, बादलीवर साडी होती, दोन बाजूंना दोन कान होते, वर केस होते. मधे काही नव्हतं. काळंसुद्धा नव्हतं, काळं असतं तर बरं. "दिसतेस," तो म्हणाला. "कडेकडेनं दिसतेस."

"आणि मधली?"

माया उठली. बटण कुठलं ते तिला माहीत होतं. तिचंच न्हाणीघर होतं ते. तिनं पांढरा दिवा लावला. कागदाचं पाकीट फळीवर उघडंच होतं, गडबडीत तो झाकायला विसरला होता. सगळा कागद उजेड लागून त्या एका क्षणात कामातून गेला. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर रामदासनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्यानं पाकिटाकडे पाहिलंही नाही. तोंड दिसत नाही ते लाल उजेडामुळे असेल, असं त्याला आत कुठेतरी अजून वाटत होतं, ह्या घटकेपर्यंत वाटत होतं. आता दिवा चांगला लख्ख होता. कुड्या दिसल्या. गळ्यातला काळा मणी दिसला. ती त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती आणि तिला तोंड नव्हतं.

"आता?" तोंड नसलेल्या जागेतून माया म्हणाली.

"कुड्या घातल्यायस."

"बरोबर. हात काढा आता."

त्याला हात काढवेना. आधी एका डोळ्याचा आणि मग दुसऱ्याचा, असं तो डॉक्टर म्हणाला होता. हाताखाली डावा डोळा मिटलेला होता, पापणी तळव्याला फडफडताना लागत होती, मुठीत धरलेल्या चिमणीसारखी.

"उद्या डॉक्टरकडे जायचंय आपल्याला," माया म्हणाली. "बॅटरी मारू दे त्यांना काय मारायची ती. डावा राखायचाय. ऐकताय ना? काढा हात."

खाली गिरणी सुरू झाली. फिक्सरच्या ट्रेमध्ये पाणी थरथरायला लागलं, आणि त्याखाली अख्खी चाळ. रामदासनं हात काढला. डोळा उघडला.

माया होती. नाक, डोळे, ओठांवरचा घाम. सगळी होती. अजून होती.